जीपची पहिली पायरी

मळ्यात द्राक्षांची काढणी सुरू होती आणि घरातली सगळी मंडळी सकाळीच तिकडे निघाली होती. जीप ओट्यापाशी लावलेली होती, जेवणाचे डबे आणि पाण्याचा जार आत गेला होता, मुले मागच्या बाकांवर जागा धरून बसली होती. आत्या सर्वांत शेवटी आली. पुढच्या दाराशी उभी राहून तिने एक हात मडगार्डवर टेकवला, दुसऱ्या हाताने सहावारीच्या निऱ्या थोड्या वर धरल्या आणि पायदानाकडे क्षणभर पाहिले. मग निऱ्या सोडून देत ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. घराकडं कोणीतरी हवंच ना." घराकडे कोणी थांबण्याची काहीच गरज नव्हती. पण ती हे इतक्या सहज म्हणाली की कोणाला आग्रह करावासा वाटला नाही, आणि जीप निघाली. दिवसभर मणी निवडताना, क्रेट भरताना, बांधावर बसून जेवताना तिची ती नजर मला आठवत राहिली. तिने रस्त्याकडे पाहिले नव्हते, उन्हाकडेही पाहिले नव्हते. तिने पायदानाची उंची नजरेने जोखली होती आणि तिथल्या तिथे निर्णय घेतला होता.

त्यानंतर मागचे एकेक नकार आठवू लागले. वणीच्या गडाला जायचे ठरले तेव्हा तिला उन्हाचा त्रास होणार होता. पेठ रस्त्यावरच्या नातेवाइकांकडे जागरण होते तेव्हा तिला गर्दी नको होती. पावसाळ्यात मळ्यातली विहीर भरली, ती पाहायला सगळे गेले, तेव्हा तिचे म्हणणे असे होते की पाणी काय, दरवर्षीच येते. कारणे वेगवेगळी होती, पण यांतला प्रत्येक प्रवास जीपने व्हायचा होता. धाकट्या भावाच्या लहान गाडीतून गंगापूर रोडला दवाखान्यात किंवा पंचवटीत दर्शनाला जायचे असले की हीच आत्या सर्वांच्या आधी तयार होऊन बसते. वयस्कर माणसे 'मला आता चढवत नाही' हे शब्द सहसा उच्चारत नाहीत. ती जाणे कमी करतात, आणि घरातल्यांना वाटते की त्यांची हौस सरली.

तिची हौस सरलेली नव्हती.

आत्याची जीपशी ओळख आमच्या सगळ्यांच्या आधीची आहे. दिंडोरी आणि वणीच्या स्टँडवरून काळ्या-पिवळ्या जीपा सुटायच्या, त्या काळात ती नऊवारी नेसायची आणि मागच्या बाजूने, टोचनच्या हुकावर एक पाय रोवून, लोखंडी दांडीला धरून एका झेपेत आत जायची. आत समोरासमोर दोन बाके, त्यांवर फाटलेले रेक्झिन, पायांत कोथिंबिरीच्या जुड्या आणि कांद्याच्या गोण्या, डिझेलचा आणि ओल्या तागाचा एकत्र वास. मी तिच्या मांडीवर असायचे आणि ती एका हाताने मला व दुसऱ्या हाताने हुडाचा पाइप धरून असायची. नऊवारीत पाय मोकळा उचलता येतो, हे मला तेव्हा कळण्याचे कारण नव्हते. सहावारीत पायाचा पल्ला आखडतो, आणि पाय उंच उचलला की काठ नेमका टाचेखाली येतो. म्हणजे वयाबरोबर गुडघे जसे बदलले तशीच नेसण्याची पद्धतही बदलली, आणि जीप मात्र जिथे होती तिथेच उभी राहिली.

जीप ज्या शरीरासाठी घडली ते शरीरच वेगळे होते. १९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी विलीज जीप तयार होऊ लागली, तेव्हा तिच्यात बसणारा माणूस विशी-पंचविशीचा सैनिक होता. त्याला दार नको होते, कारण चटकन बाहेर उडी मारता यायला हवी होती. पायरीही नको होती, कारण त्याचा पाय सहज वर जात होता. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर अवघे ८० इंच होते, त्यामुळे ती कुठेही वळत असे आणि प्रत्येक खड्ड्यात पुढेमागे डोलत असे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी हीच जीप मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे ती शेतकऱ्याची, वनखात्याची, सरकारी दौऱ्यांची आणि गावोगावच्या वडापची गाडी झाली. याच जीपची वारस असलेली महिंद्रांची थार आज आमच्या नाशिकमध्येच तयार होते. रस्त्यावर नवी थार दिसली की मला तिचे कौतुक वाटते, आणि तिच्या दारातून उतरताना कोणी आजोबा पाय चाचपडत जमीन शोधताना दिसले की तेवढीच खंत वाटते. वाट कितीही बिकट असली तरी या गाड्या पोहोचतात. त्यांच्यात बसणाऱ्या माणसाचे वय वाढते, याचा विचार मात्र फार उशिरा सुरू झाला.

काढणी आटोपल्यावर एका संध्याकाळी मी टेप घेऊन जीपपाशी गेले. जमिनीपासून आतल्या तळापर्यंतची उंची ५८ सेंटिमीटर भरली. मध्ये एक गोल पाइपचे पायदान होते, तेही ४० सेंटिमीटरवर. मग मी घरातल्या जिन्याची पायरी मोजली. ती १७ सेंटिमीटर निघाली. राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये आणि सार्वजनिक इमारतीत ती १५ सेंटिमीटरच्या आत असावी, असे आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. म्हणजे ज्या आत्याला आम्ही घरात जिना जपून चढायला सांगतो, तिच्याकडून अंगणात दोन पायऱ्यांहून जास्त उंची एका दमात चढण्याची अपेक्षा ठेवत होतो, आणि तीही गोल, घसरट पाइपवर तळपायाचा मधला भाग टेकवून. गोल पाइपवर पाय ठेवला की वजन एका रेषेवर येते. तरुण माणूस त्या रेषेवर क्षणभरच असतो आणि पुढे जातो. वयस्कर माणूस तिथे थांबतो, दुसरा पाय कुठे ठेवावा याचा अंदाज घेतो, आणि त्या थांबण्यातच तोल जातो.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ जुन्या जीपांची कामे करणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी गाडीकडे न पाहता आधी विचारले, "बसणार कोण?" आत्याचे वय, उंची, कोणता गुडघा दुखतो, पाणी पिताना ग्लास कोणत्या हाताने उचलते, एवढे सगळे त्यांनी विचारून घेतले. मग त्यांनी जी पहिली युक्ती काढली ती ट्रॅक्टर आणि मोठ्या यंत्रांवर दिसते: खालची पायरी कन्व्हेअर बेल्टच्या जाड रबरी पट्ट्यांवर टांगायची, म्हणजे दगड लागला तर ती वाकते आणि तुटत नाही. ओढ्यातून आणि शिवाररस्त्याने जाणाऱ्या गाडीला खाली लोंबणारे लोखंड परवडत नाही, कारण जमिनीपासूनची उंची हेच तर अशा गाडीचे भांडवल असते. कल्पना उत्तम होती. पण पायरी जोडून झाल्यावर मी तिच्यावर पाय ठेवला तेव्हा ती किंचित आत झुलली, बोटभरच, आणि मला जाणवले की आत्या एवढ्यानेच पाय मागे घेईल. पायाखालचे हलले की वयस्कर माणसाचा विश्वास जातो, आणि एकदा गेला की तो समजावून परत येत नाही.

मिस्त्रींनी ती पायरी त्याच दिवशी उतरवली आणि दुसरी बनवली. नक्षीदार पत्र्याची, अख्खा तळवा मावेल एवढी रुंद, दुमडून वर जाणारी आणि खाली सोडली की खटक्यात बसून घट्ट होणारी. जमिनीपासून ती २० सेंटिमीटरवर येते. तिच्यावर जुन्या पाइपच्या जागी दुसरी चपटी पायरी आहे, ती ३९ सेंटिमीटरवर. आता तीन पावले जवळजवळ सारख्या उंचीची झाली. उंची कमी असण्याइतकेच ती सारखी असणेही महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या पावलाला पायाने जो अंदाज घेतलेला असतो तोच तो पुढच्या पावलाला वापरतो. पायऱ्यांच्या कडेला पिवळा रंग दिला, कारण तिन्हीसांजेला काळ्या पत्र्याची कड कुठे संपते ते दिसत नाही. पायरी वर न घेता गाडी हलली तर टणत्कार होईल अशी एक साखळीही त्यांनी आपणहून लावून दिली.

दांडीचा प्रश्न मला पायरीपेक्षा अवघड वाटला. जीपमध्ये धरायला जे काही असते ते बहुतेक उंचावर असते, कारण तरुण माणूस हात वर करून स्वतःला ओढून घेतो. आत्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वयस्कर बायका चढताना काय धरतात हे मी नंतर लक्ष देऊन पाहू लागले. त्या दाराला धरतात, जे हलते. त्या सीटच्या पाठीला धरतात, जी जुनी झाली की डगमगते. नाहीतर त्या चालकाच्या हाताला धरतात. ओढण्यापेक्षा खाली रेटणे वयस्कर हाताला सोपे जाते, जसे आपण खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठतो. म्हणून पुढच्या खांबाला कमरेच्या उंचीपासून छातीपर्यंत जाणारी एक उभी दांडी लावली. सुरुवातीला तिच्यावर जोर द्यायचा, मग हात वर सरकवत न्यायचा. तिची जाडी मुठीत पूर्ण बसेल एवढीच ठेवली आणि वरून सायकलच्या हँडलला असते तसले रबर चढवले, कारण एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीचे उघडे लोखंड हाताला चटका देते.

एक गोष्ट मात्र उंच गाडीच्या बाजूने सांगायलाच हवी. एकदा वर पोहोचल्यावर उंच सीट म्हाताऱ्या गुडघ्यांना फार सोयीची असते. ठेंगण्या गाडीत आपण जवळजवळ उकिडवे बसतो आणि उठताना सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. उंच सीटवर गुडघा काटकोनाच्या जवळपास राहतो, उतरताना माणूस उभाच होतो, आणि समोरचा रस्ता दिसत असल्याने मळमळही कमी होते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसांना फार खाली बसायला लागणाऱ्या गाड्या का नको वाटतात, ते यावरून समजते. म्हणजे या गाड्यांचा दोष त्यांच्या उंचीत नाही. तिथपर्यंत पोहोचण्याची वाट कोणी बांधलेली नसते, एवढाच तो दोष आहे.

सीटच्या बाबतीत आमच्या घरात थोडा वाद झाला. काकूंचे म्हणणे होते की चांगली जाड, मऊ गादी टाकावी. मायेपोटी कोणीही हेच म्हणेल. पण मऊ गादीत माणूस रुततो, आणि पट्टा लावला असला तरी जोराचा ब्रेक लागला की गादीवरून पुढे सरकून पट्ट्याच्या खाली घसरतो. मग जो पट्टा ओटीपोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर असायला हवा तो पोटावर येतो आणि तिथेच इजा करतो. वयस्कर माणसाच्या बरगड्या आणि मणके ठिसूळ असतात, त्यामुळे पट्टा नेमका कुठून जातो याला तरुणांपेक्षा जास्त महत्त्व आहे. शेवटी कुशनवाल्याकडून टणक फोमची, पुढची कड किंचित उचललेली बैठक करून घेतली आणि कमरेच्या खोलगट भागाला पातळ आधार दिला. पट्टा पदराच्या आणि शालीच्या आतून घ्यायचा, हे आत्याला एकदाच सांगावे लागले. सोय आणि सुरक्षितता या नेहमी हातात हात घालून चालत नाहीत, आणि जिथे त्यांची ताटातूट होते तिथे घरातल्या माणसांनी कठोर राहायला हवे, असे माझे मत या कामात पक्के झाले.

त्याच कठोरपणाने मी मागच्या आडव्या बाकांबद्दल बोलेन. एकमेकांकडे तोंड करून बसण्याच्या त्या बाकांवर आमचे बालपण गेले आहे, तिथल्या गप्पांची चव दुसऱ्या कशाला नाही. पण मोटार वाहन नियमांत पट्ट्याची सक्ती आहे ती पुढे तोंड असलेल्या आसनांना, कारण आडव्या बाकावर कमरेचा पट्टा बांधला तरी ब्रेक लागल्यावर धड बाजूला फेकले जायचे ते जातेच. शिवाय ते बाक मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या, डोक्यावर किंवा त्याच्याही मागे असतात. गाडी खड्ड्यात आपटते तेव्हा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध सर्वांत कमी उसळी बसते आणि ॲक्सलच्या मागे सर्वांत जास्त. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, आणि कच्च्या रस्त्यावरचे पुष्कळ हादरे याच टप्प्यात येतात. हाडे विरळ झालेल्या बाईचा मणका एका मोठ्या आपटीतही दबू शकतो. आपल्याकडे लग्नाला जाताना तरुण मुले पुढे बसतात आणि आजीला मागे, 'तिथे पाय मोकळे करता येतील' म्हणून बसवतात. ही जागा बदलायला एक रुपयाही लागत नाही.

चाकांमधले अंतर वाढले की डोलणे कमी होते, हे आकड्यांतही दिसते. तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर २४५० मिलिमीटर आहे, बोलेरोत २६८०, आणि २०२४ साली आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये २८५०. रॉक्समध्ये मागच्या माणसाला स्वतःचे दार मिळाले, ही मला त्या गाडीतली सर्वांत मोठी सुधारणा वाटते. तीन दारांच्या गाडीत पुढची सीट दुमडून, अंग चोरून मागे जावे लागते, आणि ते साठीनंतर जवळपास अशक्य होते. आमच्या जुन्या जीपचे अंतर वाढवता येणार नव्हते. तिच्या मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांमधला एक पाटा काढून टाकावा, म्हणजे ती मऊ होईल, असे अनेकांनी सुचवले. मिस्त्रींनी साफ नकार दिला. पाटा काढला की रिकामी गाडी मऊ लागते, पण माणसे आणि क्रेट भरल्यावर ती बसते, उतारावर एका बाजूला कलते, आणि ज्याच्या सोयीसाठी हे केले त्यालाच घेऊन उलटण्याची शक्यता वाढते. त्यांनी पाटे सुटे करून गंज घासून काढला, ग्रीस भरले, पाटे गाडीला जोडणाऱ्या शॅकलचे झिजलेले बुश बदलले, नवे शॉकअब्सॉर्बर टाकले आणि टायरांतली हवा तपासली. ती बरीच जास्त होती. भार वाहणाऱ्या गाडीत हवा टम्म भरून ठेवण्याची सवय असते, आणि मग दोन माणसे घेऊन जाताना प्रत्येक दगड थेट कण्यात येतो.

नाशिकच्या रस्त्यांवर सध्या उलटा प्रकार दिसतो. जीप उंच करणे, मोठी चाके लावणे, पुढे लोखंडी गार्ड बसवणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे, आणि पुढच्या लोखंडी गार्डांविरुद्ध केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच सूचना काढल्या होत्या. म्हणून आम्ही चॅसी, आसनांची संख्या, चाकांचा आकार यांतल्या कशालाही हात लावला नाही. अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी गाडीत बदल करून घेण्याची तरतूद कायद्यात आहे. केवळ वय झालेल्या, गुडघे थकलेल्या माणसाला मात्र अपंग म्हणवून घ्यायचे नसते, आणि तो तसा नसतोही.

जगात यावर विचार झालेलाच नाही असे नाही. फोर्ड कंपनीने नव्वदच्या दशकात आपल्या तरुण अभियंत्यांसाठी एक पोशाख तयार करवून घेतला होता. तो घातला की गुडघे, कोपर, मान आखडते, बोटांची पकड कमी होते आणि चश्म्यातून सगळे पिवळट, धूसर दिसते. तो घालून त्यांनी गाडीत बसून-उतरून पाहायचे, अशी कल्पना होती. जपानमध्ये टोयोटा 'वेलकॅब' नावाने अशा गाड्या विकते, ज्यांची सीट दाराकडे वळते आणि काही गाड्यांत तर बाहेर येऊन खाली उतरते. आपल्याकडेही २०२५ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आरसाठी फिरती सीट आणली. मला या बातमीचा मनापासून आनंद झाला. पण हे सगळे ठेंगण्या, शहरी गाड्यांत घडते आहे, आणि पेठ, सुरगाणा, हरसूल भागातली म्हातारी माणसे ज्या गाड्यांतून दवाखान्यात जातात त्या उंच आहेत.

आत्याला नवी पायरी दाखवायची कशी, हे मला कळत नव्हते. 'हे तुझ्यासाठी केले' असे म्हणणे तिला आवडणार नाही, हे माहीत होते. एका सकाळी काकांनी गाडी ओट्यापाशी लावली, पायरी खाली सोडली आणि काही न बोलता चालकाच्या जागी जाऊन बसले. आत्या आली, तिने पायाने पायरी दाबून पाहिली, दोनदा. मग दांडी धरली, एक पाय, दुसरा पाय, आणि बैठकीवर टेकली. पाय आत घेतले. साडीचा काठ कुठेही अडकला नाही. तिच्या चेहऱ्यावर मी आनंद शोधत होते आणि तो होताही, पण त्याच्या आधी काहीतरी वेगळे येऊन गेले. ती त्या दांडीकडे पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्या बाजूला पण अशीच बसवून टाका. एकाच बाजूला असली की लोक विचारतात, ही कोणासाठी." मला तेव्हा वाटले की आम्ही उंची मोजली, जाडी मोजली, फोम दाबून पाहिला, पण तिला सर्वांत आधी जे हवे होते ते टेपने मोजता येणारे नव्हते. तिला चढायला मदत हवी होती, आणि ती मदत फक्त तिच्या नावाची नको होती.

ओढ्याच्या फरशीवर काकांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि खड्डा येण्याआधी प्रत्येक वेळी "आला" असे म्हणत गेले. हे काकांनी कोणाकडून शिकलेले नाही, पण ते अगदी बरोबर आहे. चालकाला खड्डा दिसतो, त्याच्या हातात स्टिअरिंग असते, त्याचे शरीर आधीच सावरलेले असते. शेजारच्या माणसाला ती सूचना मिळत नाही, आणि वयाबरोबर स्नायूंना सावरायला लागणारा वेळ वाढत जातो. एक शब्द आधी मिळाला तर तो वेळ मिळतो. आत्या मळ्यात उतरली आणि थेट विहिरीकडे गेली. तिथून परत यायला तिला बराच वेळ लागला. ती वेलींच्या ओळींतून चालत, कुठली छाटणी चुकली आहे ते सांगत आली.

काकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो अजून सुटलेला नाही. सत्तरी ओलांडून ते अजून जीप चालवतात. जीप वेलींच्या ओळींत जात नाही, म्हणून माझ्या चुलत भावाने त्यांच्यासाठी चार चाकी क्वाड बाइक घेण्याचे मनात आणले होते. द्राक्षबागांजवळच्या रिसॉर्टमध्ये पर्यटक चालवतात तसली. मी त्याला विरोध केला. ती गाडी दिसते स्थिर, पण वळताना आणि चढावर चालवणाऱ्याने स्वतःचे वजन इकडून तिकडे न्यावे लागते, घोड्यावर बसल्यासारखे मांड्यांनी धरून राहावे लागते. तिचा वेग अंगठ्याने दाबून ठेवायचा असतो, आणि काकांच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. ती उलटली तर अंगावर येते. ऑस्ट्रेलियात शेतांवर अशा गाड्यांखाली इतकी माणसे, विशेषतः वयस्कर शेतकरी, दगावली की ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नव्या क्वाड बाइकला चालकाच्या मागे संरक्षक चौकट असल्याशिवाय विक्रीची परवानगी नाही. घ्यायचीच असेल तर शेजारी-शेजारी बसण्याची, डोक्यावर लोखंडी सांगाडा आणि पट्टा असलेली, स्टिअरिंग आणि पायाचे पेडल असलेली छोटी युटिलिटी गाडी घ्यावी, आणि पट्टा लावल्याशिवाय ती एक वावही हलवू नये. सांगाडा असून पट्टा नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच सांगाड्याखाली येतो.

काकांच्या परवान्याचे नूतनीकरण जवळ आले आहे. पंचावन्ननंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा लागतो, तो त्यांना मिळेलही. मला काळजी रात्रीची आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश प्रकाश पोहोचतो, आणि समोरून झगझगीत दिवे आले की डोळे पुन्हा सावरायला जास्त वेळ लागतो. दिंडोरी रस्त्याला हंगामात रात्री द्राक्षांचे आणि टोमॅटोचे टेम्पो एकामागे एक येतात. मान मागे वळत नाही म्हणून काकांनी मागचा कॅमेरा आनंदाने बसवून घेतला, रुंद आरसेही घेतले. पण दिवस मावळल्यावर जीप दुसऱ्याने चालवावी, ही गोष्ट त्यांनी मान्य केलेली नाही. आत्या मात्र या बाबतीत माझ्या बाजूने बोलली, आणि तिचे ते ऐकतात.

२०२७ च्या सिंहस्थात त्र्यंबक रस्त्यावर किती म्हातारी माणसे अशाच उंच गाड्यांतून उतरणार आहेत, याचा विचार मी मिस्त्रींकडे बोलून दाखवला. त्यांच्याकडे काळी-पिवळी चालवणारे बरेच जण कामाला येतात. दुमडणारी पायरी आता तयार करून टांगून ठेवायची, येणाऱ्याला दाखवायची आणि पत्रा व वेल्डिंगचे तेवढेच पैसे घ्यायचे, असे त्यांनी ठरवले आहे. पहिल्या दोन त्यांनी बनवल्याही आहेत. आमच्या जीपची दुसऱ्या बाजूची, म्हणजे काकांच्या बाजूची, दांडी ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर बसवायची आहे. काकांचे म्हणणे आहे की त्यांना तिची गरज नाही, पण आत्याने सांगितले आहे म्हणून बसवू द्यायला त्यांची हरकत नाही.